गूगल ॲड्सचं लोकेशन सेटिंग: मुलुंडच्या एका एसीवाल्याची वही

आधीच सांगतो, मी जाहिरातीतला माणूस नाही. आयटीआयला रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला आणि गेली २८ वर्षं एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन उघडतोय. मुलुंड पूर्वेला नवघर रोडच्या आत दहा बाय बाराचा गाळा आहे. हाताखाली दोन पोरं, दोन स्कूटर आणि एक जुनी ओम्नी. या उन्हाळ्यात मार्च ते मे रोज रात्री जेवण झालं की मोबाइलवर गूगल ॲड्स उघडून बसायचो. ही म्हणायची, आता एसी सोडून त्या फोनचीच सर्व्हिसिंग चाललीय. त्या तीन महिन्यांत हाताला जे लागलं ते लिहितो. सगळ्या गूगल ॲड्सबद्दल लिहिण्याएवढी माझी अक्कल नाही. आपली जाहिरात कुठल्या भागातल्या माणसाला दिसावी हे जिथे ठरवतात, त्या लोकेशनच्या सेटिंगबद्दलच लिहितो. आमच्यासारख्या घरी जाऊन काम करणाऱ्यांचा सगळा नफा-तोटा तिथे आहे.

गेल्या उन्हाळ्यात हे काम एका एजन्सीला दिलं होतं. महिन्याला सहा हजार त्यांची फी, जाहिरातीचे पैसे वेगळे. मुलगा बोलायला गोड. दर सोमवारी व्हॉट्सॲपवर रंगीत पीडीएफ यायची, ‘काका, या आठवड्यात बावीस हजार इम्प्रेशन्स!’ म्हणजे जाहिरात तेवढ्या वेळा दिसली. मी एकदा विचारलं, ‘अरे, इम्प्रेशनच्या घरी एसी असतो का?’ तो हसला. फोन मात्र वसईहून, पनवेलहून. पनवेलच्या एका बाईंना येता येणार नाही म्हटलं तर त्या चिडल्या. ‘मग जाहिरात कशाला देता?’ बरोबर होतं त्यांचं. त्यांनी क्लिक केलं तेव्हाच माझे पस्तीस रुपये गेलेले, वर बोलणी खाल्ली. दोन महिन्यांनी कळलं की त्याने भागाच्या जागी अख्खं मुंबई आणि अख्खं ठाणे टाकून ठेवलं होतं. काम बंद केलं.

या मार्चमध्ये स्वतः खातं उघडलं. पाच हजार भरले. त्यातून १८ टक्के दराने जीएसटी जातो, म्हणजे जाहिरातीला उरतात ४,२३७ रुपये आणि काही पैसे. ज्यांना वाटतं पाच हजार भरले म्हणजे पाच हजारांची जाहिरात झाली, त्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

पहिली चूक पहिल्याच रात्री केली. कोपरीची, म्हणजे ठाणे पूर्वेची, कामं आम्ही करतो, म्हणून भागाच्या पेटीत ‘ठाणे’ टाइप केलं. खाली त्याच नावाच्या दोन-तीन ओळी आल्या. प्रत्येकीसमोर ती जागा कुठल्या प्रकारची आणि तिथे किती माणसांपर्यंत पोहोच, असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मी चष्मा न लावता मोठा आकडा दिसला ती ओळ घेतली. तो जिल्हा निघाला. तिसऱ्या दिवशी दुपारी मुरबाडहून फोन. ‘फ्रिज थंड करत नाय, कधी येताय?’ मी म्हटलं, दादा, मुरबाडला पोचेपर्यंत तुमचं दूध नासेल. पण चूक त्यांची नव्हती. पालघर वेगळा झाला तरी ठाणे जिल्हा शहापूर-मुरबाडपर्यंत आहेच की. यंत्राने मी सांगितलं तेच केलं.

मग वर्तुळ. हे बहुतेक सगळे करतात, कारण सोपं दिसतं. दुकानावर सुई ठेवायची, किती किलोमीटर ते लिहायचं, नकाशावर गोल उमटतो. मी पाच लिहिलं. गोल बघून पोरं खो खो हसली. पश्चिमेकडचा बराचसा तुकडा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, पूर्वेकडचा मिठागरं, कांदळवन आणि ठाण्याच्या खाडीत. ‘दादा, बिबट्याने फोन केला तर व्हिजिट चार्ज किती सांगू?’ मलाही आधी वाटलं की निम्मे पैसे जंगलात आणि खाडीत चाललेत. तसं होत नाही. जिथे माणूस नाही तिथे क्लिक नाही आणि क्लिक नाही तर पैसे नाहीत. फ्लेमिंगो येतात, गुलाबी होऊन जातात, आपल्याला खर्च शून्य. गोल वाया जातो तो रिकाम्या जागेमुळे नव्हे. रिकामी जागा ओलांडून तो पलीकडच्या वस्तीवर उतरतो, तिथे पैसे जातात. खाडीपलीकडे ऐरोली आहे.

एप्रिलचा पहिला पंधरवडा हा गोल चालवला आणि सोबत वही ठेवली. साधी दोनशे पानी. तारीख, वेळ, कुठून, काय बिघाड, गेलो की नाही. फोन कुणीही उचलला तरी पहिला प्रश्न ‘कुठून बोलताय’ असाच, नावाच्याही आधी. पंधरा दिवसांत जाहिरातीवरून ३८ फोन आले. त्यातले २१ आमच्या हद्दीतले. उरलेल्या १७ चा हिशोब असा: ऐरोली ६, घोडबंदर रोड ४, डोंबिवली-कल्याण ४, पवई २ आणि पुण्याहून १.

ही ओळ वहीत समोर आली तेव्हा डोकं चाललं. सतरा फोन वाया गेले हे खरं, पण सगळे एकाच भोकातून गेलेले नाहीत. ऐरोली माझ्या गोलात आहे. नकाशावर दुकानापासून सरळ रेघ मारली तर चार किलोमीटरसुद्धा नाही. ते सहा फोन माझ्या गोलाने आणले. घोडबंदर, डोंबिवली, पवई, पुणे मात्र गोलात नाहीतच. मग हे अकरा लोक आले कुठून?

एसीतला गॅस उतरत असेल तर कच्चा मेकॅनिक वरून गॅस भरतो आणि पैसे घेऊन जातो. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. आमच्या मास्तरांनी शिकवलेलं वेगळं. आधी नायट्रोजन मारायचा, मग प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावायचा आणि गप्प बसून बघत राहायचं. बुडबुडा आला तिथे लीक. गूगल ॲड्समध्ये साबणाच्या फेसाचं काम करणारा एक रिपोर्ट आहे. लोकेशनच्या पानावर तुम्ही निवडलेल्या जागा दिसतात, त्या नव्हेत. जाहिरात बघणारा माणूस प्रत्यक्षात कुठे होता, ते सांगणारा वेगळा रिपोर्ट. तो उघडला आणि डोंबिवलीवर बुडबुडा दिसला. घोडबंदरला दुसरा.

भोक होतं ‘लोकेशन ऑप्शन्स’ नावाच्या मिटलेल्या घडीत. भाग निवडतो त्याच्या खालीच असते, पण ती उघडावी लागते आणि मी उघडली नव्हती. आत दोन पर्याय. पहिला ‘प्रेझेन्स ऑर इंटरेस्ट’. म्हणजे तुमच्या भागात असलेली, नेहमी येणारी किंवा त्या भागात रस दाखवलेली माणसं. दुसरा नुसता ‘प्रेझेन्स’. म्हणजे तिथे असलेली किंवा नेहमी येणारी. पहिला आधीपासून निवडलेला असतो. रस दाखवणं म्हणजे काय? डोंबिवलीत बसून कुणी मुलुंडमधले फ्लॅट बघत असेल, मुलीसाठी मुलुंडचं कॉलेज शोधत असेल, तर त्याचा मुलुंडमध्ये रस आहे असं धरलं जाऊ शकतं. मग त्याच्या डोंबिवलीच्या घरचा एसी बंद पडला की माझी जाहिरात. हॉटेलवाल्याला, लग्नाच्या हॉलवाल्याला, इस्टेट एजंटला हा पर्याय सोन्यासारखा आहे. त्यांचं गिऱ्हाईक बाहेरूनच यायचं असतं. माझ्या धंद्याला तो उलटा. मी दुसऱ्यावर टिचकी मारली.

आता ऐरोली. पूल आहे, रस्ता चांगला आहे, २०२४ च्या ऑक्टोबरपासून छोट्या गाड्यांना टोलही नाही. तरी जात नाही. पोरगा हायवेला लागून पूल उतरून सेक्टर शोधून पोचेपर्यंत पाऊण तास, परत तेवढाच. सातशे रुपयांच्या जेट सर्व्हिसला, म्हणजे पाण्याच्या जोराने एसी धुवायला, दोन-अडीच तास घातले तर मुलुंडातली दोन गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात. एप्रिलमध्ये एसीवाल्याकडे पैसा कमी नसतो, वेळ कमी असतो. टोल गेल्याचा फायदा झाला तो कोपरीला. पूर्वी ओम्नी घेऊन आनंदनगर नाका ओलांडला की एका फेरीचे ४५ रुपये जायचे, ते वाचले. म्हणून कोपरी हद्दीत घेतली.

गोल लहान केला तर ऐरोली सुटेल, पण मग भांडुपही सुटतं. शेवटी गोल काढून टाकला आणि पिनकोड टाकले. पेटीत सहा आकडे लिहायचे, बस. ४०००८१ मुलुंड पूर्व, ४०००८० मुलुंड पश्चिम, ४०००७८ भांडुप पश्चिम, ४००६०३ ठाणे पूर्व म्हणजे कोपरी.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण मला हे फार आवडलं. पिनकोड ही योजना आपल्या एका मराठी माणसाची, श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. पोस्टखात्यात मोठे अधिकारी आणि शिवाय संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ ला ती सुरू झाली. पोस्टमनच्या पायांसाठी केलेली ही आखणी, म्हणून ती मुंबईला बरोबर बसते. पोस्टमनही उगाच रूळ ओलांडून पलीकडे जात नसे. आमच्याकडे ८० आणि ८१ च्या मध्ये रेल्वे आहे, बस. गोलाला रूळ दिसत नाहीत, खाडी दिसत नाही, डोंगर दिसत नाही. पिनकोडला तिन्ही दिसतात. एसीवाल्याची जाहिरात पन्नास वर्षांनी त्यावर चालेल असं वेलणकरांच्या मनातही आलं नसेल.

आणि पिनकोडातही मी माती खाल्लीच. आठ-दहा दिवसांनी माझा पोरगा म्हणाला, ‘दादा, मुलुंड कॉलनीचा एकपण फोन नाय.’ वही उलटून बघितली, खरंच नाही. एवढी मोठी वस्ती, दर उन्हाळ्याला दहा-बारा कामं ठरलेली. मुलुंड कॉलनीचा पिन ४०००८२. मी ८० आणि ८१ टाकून मुलुंड संपलं असं समजून बसलो होतो. तेव्हा ज्यांना करायचंय त्यांनी नकाशाच्या आधी जुनी बिलं काढून बसा. गिऱ्हाइकाच्या पत्त्याखाली पिन लिहिलेला असतो. मी नंतर दोन वर्षांची बिलबुकं चाळली तेव्हा आपण खरंच कुठे कुठे जातो ते कळलं. मला वाटत होतं भांडुप पूर्वेलाही बरीच कामं असतात. दोन वर्षांत तीन.

पूर्व-पश्चिमेचं दुखणं जो मुंबईत सेंट्रल लाइनला राहतो त्यालाच कळेल. पूर्वेच्या हनुमान चौकातून पश्चिमेच्या पाच रस्त्याला चालत जायचं तर स्टेशनचा पूल चढायचा-उतरायचा, दहा-पंधरा मिनिटं. पण खांद्यावर गॅसचा सिलिंडर, जेट पंप, शिडी असताना पूल कोण चढणार? स्कूटरने जायचं तर नाहूरच्या पुलावरून वळसा, आणि संध्याकाळी त्या वळशाला अर्धा तास सहज. म्हणून पश्चिमेसाठी वेगळी कॅम्पेन केली, म्हणजे स्वतःचा भाग, वेळ आणि बजेट असलेली वेगळी जाहिरात, आणि तिला वेळ बांधून दिली, सकाळी आठ ते बारा. एक पोरगा वैशालीनगरला राहतो. तो घरून निघतानाच पश्चिमेची दोन-तीन कामं करतो आणि मग इकडे येतो. पूर्वेची कॅम्पेन सकाळी आठ ते रात्री आठ. एकाच कॅम्पेनमध्ये दोन्ही भाग ठेवले तर वेळ दोघांना एकच लागते. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. दोन कॅम्पेन करायला पैसे जास्त लागत नाहीत. बजेट वाटून घ्यायचं. मी रोजचे ४०० होते ते पूर्वेला २४०, पश्चिमेला १०० आणि तिसऱ्या एका कॅम्पेनला ६० असे केले. तिसरीचं पुढे सांगतो.

दुसऱ्या पंधरवड्याची वही: फोन २९. म्हणजे नऊ कमी. एजन्सीवाला मुलगा असता तर म्हणाला असता काका, रीच पडला. पण २९ पैकी २५ हद्दीतले. पहिल्या पंधरवड्यात २१ होते. खर्च जवळपास तेवढाच. आणि मुख्य म्हणजे पोरांची डोकी शांत. दुपारी दोन वाजता गच्चीवर आउटडोअरचा फ्लेअर नट कसत असताना खिशातला फोन वाजतो, हात तेलकट, घाम डोळ्यांत, आणि समोरून ‘मैं कल्याण से बोल रहा हूँ’. त्या क्षणी माणसाच्या तोंडून जे निघतं ते लिहिण्यासारखं नसतं. ते फोन बंद झाले. मला विचाराल तर पैशापेक्षा हीच कमाई मोठी.

बाहेरचे चार उरले त्यातले दोन बदलापूरचे. त्यातल्या एकाला विचारलं, ‘तुम्हाला आमचा नंबर मिळाला कसा?’ तो मुलुंडला नोकरीला आहे, रोज येतो-जातो. ‘नेहमी येणारी माणसं’ यात तो बसतो. हे भोक बुजवू नये. कारण माझं निम्मं गिऱ्हाईक उलट्या दिशेचं आहे. सकाळच्या लोकलने मुलुंडहून निघून बीकेसीत बसलेलं, दुपारी बायकोचा फोन आल्यावर ऑफिसातून एसीवाला शोधणारं. त्यालाही याच दाराने जाहिरात दिसते. बदलापूर, ऐरोली ही नावं मी नको असलेल्या शब्दांच्या यादीत टाकली. कुणी शोधताना ‘ऐरोली’ लिहिलं तर जाहिरात दिसू नये, एवढं तरी होतं. त्या यादीत ‘जॉब’, ‘कोर्स’ आणि ‘सेकंड हँड’ हेही आहेत.

माणूस कुठे आहे हे यंत्राला कळतं कसं, हे मी समजून घेतलं, कारण थर्मोस्टॅट कुठल्या जागेचं तापमान वाचतोय हे माहीत नसेल तर मशीनला दोष देण्यात अर्थ नसतो. फोनचं जीपीएस, आसपासचं वायफाय, मोबाइलचा टॉवर आणि इंटरनेटचा आयपी पत्ता, यांच्यावरून अंदाज बांधला जातो. जीपीएस चालू असेल तर अंदाज जवळचा. नुसत्या आयपीवर चालत असेल तर घोटाळा होऊ शकतो, कारण मोबाइल नेटचा पत्ता गल्लीगणिक वेगळा नसतो. म्हणून पिनकोडाची रेघ ही खडूने मारलेली रेघ आहे, भिंत नाही. दोन-चार फोन इकडचे तिकडे होणारच हे धरून चालायचं.

आता ती तिसरी कॅम्पेन. नुसता ‘प्रेझेन्स’ ठेवला तेव्हा एक गोष्ट मनात खात होती. पहिल्या पंधरवड्यातला तो पुण्याचा फोन. वहीत मी त्याला वाया गेलेल्यांत लिहिला होता, पण बाईंचं बोलणं आठवलं. त्या पुण्यात राहतात, वडील इथे मुलुंडच्या म्हाडा कॉलनीत एकटे. फ्रिज वडिलांचा होता. मी ‘पुणे’ ऐकलं आणि फोन ठेवला. माझ्या घाईने गेलेलं काम. मुलुंड पूर्वेत अशी किती घरं असतील? मुलं हिंजवडीला, बंगळुरूला, परदेशात. इथे आई-वडील आणि बारा वर्षांचा विंडो एसी.

म्हणून तिसरी कॅम्पेन अख्ख्या भारतासाठी लावली, पण शब्द फक्त तेच घेतले ज्यात ‘मुलुंड’ आहे. ‘मुलुंड एसी रिपेअर’, ‘फ्रिज रिपेअर मुलुंड ईस्ट’, असे. लोक इंग्रजी अक्षरांतच टाइप करतात, म्हणून तसेच. पहिल्या दोन कॅम्पेनमध्ये ‘एसी रिपेअर निअर मी’सारखे गावाचं नाव नसलेले शब्द आहेत आणि माणूस जवळचा असावा लागतो. तिसरीत माणूस कुठलाही चालतो, पण शब्दात गाव हवं. रोजचे साठ रुपये, तेही बऱ्याचदा खर्च होत नाहीत. एप्रिलअखेर ते मेअखेर तिच्यावर सात फोन आले आणि पाच कामं झाली. फोन उचलल्यावरचा पहिला प्रश्नही आता बदललाय. ‘कुठून बोलताय’ ऐवजी ‘मशीन कुठे आहे’.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात बंगळुरूहून एकाचा फोन. ‘काका, आई एकटी आहे, एसीतून पाणी गळतंय, पलंग भिजलाय. ती दार उघडायला घाबरते, तुम्ही स्वतः जाल का?’ मी गेलो. आजी ऐंशीच्या आसपास. दाराची साखळी लावूनच विचारलं, कोण. मी मुलाचं नाव सांगितलं, मग त्याला व्हिडिओ कॉल लावून दाराच्या फटीत फोन धरला. ‘अगं, हेच ते’ असं त्याने सांगितल्यावर साखळी निघाली. ड्रेन पाइपमध्ये चिखल आणि कबुतराचं पीस, दुसरं काही नाही. दहा मिनिटांचं काम. पण निघताना त्यांनी स्वयंपाकघरातला मिक्सर, गीझर आणि फ्रिजचं गॅस्केट तिन्ही दाखवलं. गॅस्केट बदललं, मिक्सर माझं काम नव्हे म्हटलं तरी बघून दिला. मुलाने तिथूनच पैसे पाठवले आणि वर्षाचं एएमसी, म्हणजे देखभालीचं कंत्राट, केलं. ‘प्रेझेन्स ऑर इंटरेस्ट’ला मी सुरुवातीला शिव्या घातल्या होत्या, त्यातला हा खरा इंटरेस्ट. त्याला दार वेगळं करून दिलं पाहिजे, एवढंच.

माझं ऐकून सगळ्यांनी पिनकोडच लावावेत असं मात्र नाही. मेहुण्याचं उदाहरण देतो. तो तबल्याला पुड्या चढवतो, शाई लावतो, हार्मोनियमचे सूर मिळवतो. दुकान दादरला. माझं बघून त्यानेही दादर-माहीमचे पिन टाकले आणि महिनाभर फोन वाजला नाही. साहजिक आहे. दादर-माहीममध्ये ज्यांना गरज होती ते त्याला आधीपासून ओळखतात. त्याचं गिऱ्हाईक चिपळूणहून पेटी घेऊन येतं, नाशिकहून डग्गा पाठवतं. एसीवाला गिऱ्हाइकाकडे जातो, तबलेवाल्याकडे गिऱ्हाईक येतं. त्याला अख्खा महाराष्ट्र आणि ‘इंटरेस्ट’चा पर्याय हाच बरोबर. आता त्याने तसं केलंय.

बाकी बारीकसारीक. रोजचं बजेट ४०० म्हणजे रोज ४०० असं समजू नका. एखाद्या दिवशी दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो. पहिल्यांदा ७८० बघितले तेव्हा मी रात्री साडेअकराला उठून बसलो. पण महिन्याचा आकडा रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीच्या वर जात नाही, नियमच तसा आहे. ते कळल्यावर झोप लागली. एकेका भागासाठी बोली, म्हणजे एका क्लिकला आपण किती द्यायला तयार तो आकडा, कमी-जास्त करता येते, ९० टक्के खाली ते ९०० टक्के वर. मी ४०००८१ ला वीस टक्के वाढवली, कारण तिथे पोरगा पाच मिनिटांत पोचतो. मात्र कन्व्हर्जनवर, म्हणजे क्लिकनंतर खरंच फोन किंवा काम आलं का यावर, चालणारी ऑटोमॅटिक बोली निवडली असेल तर हे टक्के जुमानले जात नाहीत, उगाच लावून बसू नका. मी अजून हाताने बोली लावतो.

फेसबुक-इन्स्टाग्रामवरही पंधरा दिवस नकाशावर सुई ठेवून लहान गोल लावून बघितला. तिथे ‘इथे राहणारे’ आणि ‘नुकते इथून गेलेले’ असा फरक आता करता येत नाही. मुलुंड स्टेशनला रोज किती माणूस चढतो-उतरतो ते डोळ्यांपुढे आणा. शिवाय माणूस तिथे भाचीच्या साखरपुड्याचे फोटो बघत असतो, त्याला एसी बिघडल्याची आठवण करून देऊन काय फायदा? मार्चमध्ये ‘उन्हाळ्याआधी सर्व्हिस’ असं लावलं तर थोडंफार चालतं. बिघाडाला नाही.

आणि गूगलवर दुकानाची नोंद, बिझनेस प्रोफाइल, फुकट आहे. ती आधी करा. तिथेही आपण कुठल्या भागात सेवा देतो ते टाकता येतं, २० भागांपर्यंत. मी सहा टाकले. जाहिरातीत एक आणि प्रोफाइलवर दुसरं असं असलं की गिऱ्हाईक फोनवर भांडतं.

गुण द्यायचे तर सेटिंगला पाचात साडेतीन. जे सांगावं ते ते तंतोतंत करतं, आणि एवढ्याशा गाळ्याच्या धंद्याला पिनकोडपर्यंत हद्द आखता येते ही लहान गोष्ट नाही. कापलेला दीड ‘लोकेशन ऑप्शन्स’च्या त्या मिटलेल्या घडीसाठी. एवढ्या महत्त्वाचा खटका मशीनच्या पाठीमागे का लावतात, हा प्रश्न मला एसीच्या कंपन्यांनाही विचारायचा आहे. माझ्या स्वतःच्या वहीला मात्र पाच. ती नसती तर फोन कमी झाले म्हणून मी पुन्हा गोल लावला असता.

जूनला पाऊस पडल्यावर पूर्वेची कॅम्पेन १०० वर आणली, पश्चिमेची बंद केली. पावसाळ्यात वॉशिंग मशीन जास्त बिघडतात, त्यांचे शब्द आता टाकलेत. वैशालीनगरच्या पोराचं लग्न ठरलंय आणि तो दिवाळीनंतर ऐरोलीला राहायला जातो म्हणतोय. तसं झालं तर ‘ऐरोली’ नको असलेल्या शब्दांच्या यादीतून काढावं लागेल. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय.